लक्ष्यातला य

टप्पाताई सकाळी पलंगावरून उतरते तीसुद्धा दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात उजवा पाय जमिनीला लागतो आणि ती स्वतःला शाबासकी देते. दुसऱ्या टप्प्यात डावा लागतो आणि कामाला सुरुवात होते. मधल्या वेळात, म्हणजे एक पाय वर आणि एक खाली असताना, दिवसाची आखणी होते. दात घासणं हे अल्पकालीन उद्दिष्ट, दात टिकवणं हे दीर्घकालीन, असं ती आरशाला सांगते. आरसा निमूट ऐकून घेतो. त्या घरात इतकं निमूट ऐकणारा दुसरा एकच जण आहे, तो म्हणजे तिचा नवरा.

तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, मी तिचा धाकटा चुलतभाऊ. पण सांगून उपयोग नाही. त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही. शाळेत असताना आम्हा सगळ्या भावंडांना पोहायला घातलं, तेव्हा हिने पहिला महिना काठावर बसून नुसते पाय भिजवले. दुसऱ्या महिन्यात गुडघे. तिसऱ्यात कंबर. आम्ही नाकातोंडात पाणी जाऊन, ओरडून, रडून, एकमेकांचे पाय ओढून दोन आठवड्यांत पोहायला लागलो होतो आणि काठावरच्या हिला वेडावत होतो. वर्षभराने ती पाण्यात उतरली आणि एकही गटांगळी न खाता सरळ पलीकडच्या काठाला लागली. तिथून तिने आमच्याकडे असं पाहिलं की वेडावायला बाहेर काढलेल्या जिभा आम्ही मुकाट्याने आत घेतल्या. टप्पाताई हे नाव त्या दिवशी पडलं.

लग्नही तिने चार टप्प्यांत केलं. मुलगा बघणे, मुलगा पुन्हा बघणे, मुलाची आई बघणे, विचार करणे. तिसऱ्या टप्प्यात सगळं बारगळणार होतं. मुलाची आई शाळेत मराठी शिकवायची आणि होणाऱ्या सुनेने पाठवलेल्या पहिल्याच पत्रातल्या सात चुका तिने तांबड्या शाईने दुरुस्त करून ते परत पाठवलं होतं. ताईने चुका मोजल्या, पुढच्या पत्रात चार केल्या, त्याच्या पुढच्यात दोन, आणि मग लग्न झालं. एकदम शून्यावर आली असती तर सासूबाईंना करायला काय उरलं असतं, असं ती म्हणते. नवरा पाट्या रंगवतो. तो घोरायचा. त्यावरही ताईने टप्पे आखले: पहिला उशी बदलणे, दुसरा कूस बदलणे, तिसरा नवरा बदलणे. बिचारा दुसऱ्या टप्प्यातच बरा झाला.

अशी बाई कारखान्यात लागली तर कारखान्याचं काय होईल, ते झालं. कड्या, कुलपं आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षं आहे आणि त्यांतली चौदा वर्षं बिजागरी विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे एक लांब खोली. मधोमध पत्रा ठोकलेलं लांबलचक टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच माणसं, प्रत्येकापुढे लाकडी ट्रे आणि छोटी हातोडी. जमिनीवर लोखंडाचा कीस, हवेत तेलाचा वास, डाव्या भिंतीत उंच खिडक्या. टेबलाच्या शेवटी आबा. त्यांचं काम प्रत्येक बिजागरी एकदा उघडून मिटायची, फडक्याने पुसायची आणि खोक्यात ठेवायची. दहा आणि आबा मिळून अकरा.

बिजागरी म्हणजे तरी काय, दोन पाती आणि त्यांना धरून ठेवणारी एक पिन. संसारासारखंच. पिन सरळ बसली तर दार वर्षानुवर्षं गप्प उघडतं. केसभर तिरपी गेली की जन्मभर करकर.

आणि टेबलाच्या टोकाला, ताईच्या हाताशी, पितळी घंटा. दर तासाला प्रत्येकाने सव्वीस बिजागऱ्या पुऱ्या करायच्या. तास भरला की ताई घंटा वाजवायची, प्रत्येकाच्या ट्रेत वेळेची चिठ्ठी टाकायची आणि सव्वीस भरलेल्यांच्या पाठीवर थाप मारायची. ज्यांच्या भरल्या नाहीत त्यांच्या पाठीमागे ती पुढचा तासभर नुसती उभी राहायची. बोलायची काही नाही. पण ताई पाठीमागे उभी असताना हातोडी धरणं म्हणजे काय, हे ज्याने धरली त्यालाच ठाऊक.

तर अशा या सुरळीत चाललेल्या विभागावर नवे साहेब आले. वय चाळिशीचं, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बगलेत तक्ते. त्यांनी ताईला खोलीत बोलावलं, बसा म्हटलं, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत बातमी दिली. ताईच्या विभागाच्या शंभरातल्या एकोणीस बिजागऱ्या करकरतात. गिऱ्हाइकं दारांसकट तक्रारी घेऊन येतात. हे असं चालायचं नाही.

"सोमवारी दहा वाजता मला पटेल असा आराखडा आणा," साहेब म्हणाले. "तीन वर्षांचं एक लक्ष्य, आणि तिथपर्यंत नेणारी जवळची लक्ष्यं. प्रत्येक माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली. नाही पटला, तर एक तारखेपासून बिजागऱ्या बाहेरून घेऊ. तुमची माणसं कुलपात आणि पॅकिंगमध्ये वाटून टाकू."

वाटून टाकू! जणू अकरा माणसं म्हणजे वाढदिवसाचा केक. हे टेबल तिने एकेक माणूस जोडून भरलं होतं. त्यांतली एक आली तेव्हा दोन वेण्या घालायची, आता मुलीच्या घालते. कोण कोणाच्या डाव्या हाताला बसला की गप्पा कमी आणि काम जास्त होतं, हे ठरवायला तिला पाच वर्षं लागली होती. आणि ती माणसं आता कुलपात जाणार?

मात्र साहेबांच्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत ती सावरली होती. सावरली म्हणजे काय, खूश झाली होती. लक्ष्य मागितलं होतं, टप्पे मागितले होते, आणि तेही कोणाकडे? माशाला पोहण्याची परीक्षा द्यायची होती. ती तरातरा विभागात आली, फळा पुसला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

"प्रत्येकाने आपले एक दीर्घकालीन लक्ष व तीन अल्पकालीन लक्ष लिहून द्यावे. खरे लिहावे. उद्या शनिवार, पाच वाजेपर्यंत."

सगळ्यांनी फळा दोनदा वाचला. मग दोन वेण्यांवाली उभी राहिली.

"ताई, खरंच खरं लिहायचं?"

"खरंच."

"मग रागवायचं नाही हं."

"मी कधी रागावते?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला अकरांपैकी कोणीही पुढे आलं नाही.

शनिवारी पाचला अकरा कागद जमा झाले. ताईने ते न वाचता पिशवीत घातले, कारण गोळा करणे हा पहिला टप्पा होता आणि वाचणे हा रविवारचा.

रविवारी दुपारी मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो होतो म्हणून पुढचा प्रकार मला याचि डोळा पाहायला मिळाला. जेवणं झाली होती. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून भावोजी 'येथे वाहने उभी करू नयेत' ही पाटी रंगवत होते आणि 'उभी'पर्यंत पोचले होते. सासूबाई आरामखुर्चीत होत्या, हाताशी तांबडं पेन. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण पेन निवृत्त झालेलं नाही. किराणा दुकानाची यादीसुद्धा त्यातून सुटत नाही. ताईने ऐटीत पिशवी उघडली, पहिला कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"दीर्घकालीन लक्ष: खिडकीतली मांजर. अल्पकालीन लक्ष: एक, मांजर आली का. दोन, मांजर गेली का. तीन, मांजर गाभण आहे असे वाटते."

भावोजींचा ब्रश 'भी'च्या वेलांटीवरून घसरला.

ताईने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. चेष्टा करतात मेले, म्हणत तिने दुसरा काढला.

"दीर्घकालीन लक्ष: ताईंची घंटा. अल्पकालीन लक्ष: एक, घंटेला किती वेळ आहे. दोन, घंटा झाली का. तीन, आता पुढची कधी."

तिसऱ्यात घंटा. चौथ्यात घंटा आणि पाठीमागे ताई आहेत का. पाचव्यात नुसतंच, पाठीमागे ताई आहेत का, तीन वेळा, तीन वेगळ्या ओळींवर. ताईचा आवाज एकेका कागदाबरोबर खाली खाली जायला लागला, आणि इकडे सासूबाई खुर्चीत सरळ सरळ होत गेल्या. त्यांना वास लागला होता. चुकीचा वास त्यांना तीन खोल्या पलीकडून लागतो.

"तू फळ्यावर काय लिहिलं होतंस? जसंच्या तसं सांग."

ताईने सांगितलं. सासूबाईंनी वहीच्या पानावर लिहून दाखव म्हटलं. तिने लिहिलं. सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की तसं त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

"सूनबाई, तुझा य कुठे गेला?"

"कुठला य?"

"लक्ष्यातला. क्षला चिकटून बसतो तो. तू लक्ष्य मागितलंच नाहीस. लक्ष मागितलंस. लक्ष कुठे असतं ते लिहा म्हणालीस, वर खरं लिहा म्हणालीस. त्यांनी लिहिलं."

"दोन्ही एकच की."

"एकच कसं? लक्ष्य तिकडे भिंतीवर असतं. लक्ष इकडे डोक्यात. दोघांची गाठ पडावी म्हणून तर माणूस धडपडतो."

ताई मटकन खाली बसली, ती नेमकी ओल्या 'येथे'वर. दोन दिवस ती ओळ फळ्यावर होती, साहेब दोनदा समोरून गेले होते, त्यांनी तरी सांगायचं! साहेबांच्या तोंडात कायम टार्गेट, त्यांना य असला काय नि नसला काय, असं सासूबाईंचं मत पडलं. भावोजींनी मदतीचा हात पुढे केला. अकराही कागदांवर य रंगवून देतो, म्हणाले, सुबक, काळ्या रंगात. पण मग मांजर हे विभागाचं तीन वर्षांचं लक्ष्य ठरणार होतं.

"तुम्ही तरी खरं सांगा," ताई नवऱ्याकडे वळली. "तुमचं लक्ष कुठे असतं?"

"तुझ्याकडे," भावोजी म्हणाले.

"हे प्रेमाने म्हणता की भीतीने?"

त्यांनी ब्रश डब्यात बुडवून विचार केला. "अल्पकालीन भीतीने. दीर्घकालीन प्रेमाने."

मला हसू आवरेना म्हणून मी शिडीमागे गेलो. ताई मात्र हसली नाही. तिने कोरे कागद घेतले आणि अकरा जणांच्या नावाने अकरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहायला बसली. तीन वर्षांत करकर बंद. पहिल्या तीन महिन्यांत ताशी सव्वीसच्या जागी अठ्ठावीस. पुढच्या तीन महिन्यांत तीस. तिरप्या अक्षरात एक झालं, गोल अक्षरात दुसरं झालं, तिसऱ्याला तिने डावा हात लावला.

तोवर सासूबाई उरलेले कागद वाचून ढीग लावत होत्या. एका ढिगात मांजर, एकटीच. दुसऱ्यात घंटा आणि ताई, नऊ. आणि एक कागद त्यांच्या हातात राहिला. तो त्यांनी दोनदा वाचला, त्यात एकही चूक सापडली नाही, म्हणून तिसऱ्यांदा वाचला. मग ताईपुढे धरला. आबांचा होता.

"माझे लक्ष बिजागरीच्या आवाजाकडे असते," आबांनी लिहिलं होतं. "घंटा होण्याआधीच्या दहा मिनिटांत ज्या येतात त्या ओरडतात. घंटेनंतरच्या गप्प असतात. सव्वीस भरायच्या घाईत पिन तिरपी जाते. चार वर्षे ऐकतो आहे. कोणी विचारले नव्हते म्हणून बोललो नाही."

डाव्या हातातलं पेन तसंच राहिलं. ताईने तो कागद वाचला, घडी केला, उलगडला, पुन्हा वाचला. मग स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी घासायला लागली. आधी वाट्या, मग ताटल्या, मग पातेली. दुःखसुद्धा ती टप्प्याटप्प्याने करते.

आम्ही तिघं दारात उभे. मी म्हटलं, आबांचं वय झालंय, ऐकण्यात चूक होत असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शिडीमागे जायला निघालो.

"चौदा वर्षं," ती पातेल्याला म्हणाली. "चौदा वर्षं मी दर तासाला टप्पा गाठून दिला. एकही तास चुकवला नाही."

"चौदा वर्षं तू घंटा वाजवलीस," सासूबाई म्हणाल्या, "बिजागरीही वाजायला शिकली."

मला वाटलं, आता पातेलं उडणार. पण ताईने नळ बंद केला. ती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. भावोजी घाबरून पुढे झाले. बघतात तर ती हसत होती. पहिल्यांदा बारीक, मग पोट धरून, मग ओट्यावर डोकं टेकून. "पाठीमागे ताई आहेत का," ती हसत हसत म्हणाली, "तीन वेळा! तीन ओळींवर!" मग सासूबाई हसायला लागल्या, मग भावोजी, आणि मीही शिडीमागून मोकळेपणाने बाहेर आलो. खोटे लिहिलेले तीन कागद तिने फाडले. बाहेर पाटीवर 'येथे' हा शब्द उरला नव्हता, तो ताईच्या पाठीमागे लागला होता, उलटा, पण अगदी सुवाच्य.

सोमवारी ती आठ वाजताच कारखान्यात गेली. कोणाच्या सांगण्यावर चालणारी ती नव्हे, स्वतःचा कान झाला तरी तो तपासून घेणारी. आबांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, शनिवारच्या न पुसलेल्या ट्रेंमधून वीस बिजागऱ्या उचलल्या आणि त्यांच्या पाठीमागे एकेक उघडून मिटली. बिजागऱ्या ट्रेत ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने असतात आणि मध्ये दर तासाची चिठ्ठी असते, तेव्हा कुठली तासाच्या सुरुवातीची आणि कुठली शेवटची, हे तिला दिसत होतं. आबांना नव्हतं.

"घंटेआधी," आबा म्हणायचे. "घंटेनंतर. घंटेनंतर. घंटेआधी. ही तर अगदी घंटेला टेकून."

वीसपैकी अठरा बरोबर. उरलेल्या दोन्ही घंटेनंतरच्या असून ओरडत होत्या, आणि त्या मांजरवालीच्या निघाल्या.

दहा वाजता ताईने साहेबांच्या टेबलावर अकराही खरे कागद ठेवले. य का नाही, ते आधीच सांगून टाकलं. मग म्हणाली, "साहेब, बिजागरी माझ्यामुळे करकरते."

साहेबांनी अशी वाक्यं फारशी ऐकलेली नसावीत. त्यांच्या खोलीत येणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या विभागाचं नाव घ्यायचा. ते एकेक कागद वाचायला लागले. घंटा वाचली, चेहरा गंभीर. पाठीमागे ताई वाचलं, चेहरा गंभीर. आबांचा कागद वाचून त्यांनी तक्त्यावर काहीतरी टिपून घेतलं. शेवटी मांजर आली. ती त्यांनी वाचली, कागद खाली ठेवला, चष्मा काढून पुसला.

"मग पिल्लं झाली का?"

"तीन," ताई म्हणाली. आणि साहेब हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी चष्मा घातला आणि आराखडा मागितला, कारण हसणं वेगळं आणि विभाग ठेवणं वेगळं.

आराखडा एकाच पानावर होता. तीन वर्षांचं लक्ष्य: शंभरात एक. महिन्याभराचं: एकोणीसवरून दहा. त्याखाली पहिल्या आठवड्यापासूनची कामं: घंटा बंद, तासाचा आकडा बंद, दिवसाचा मोजायचा, ट्रेत टाकण्याआधी ज्याने त्याने आपली बिजागरी कानाला लावून पाच वेळा उघडून मिटायची. आणि सगळ्यांत खाली, तांबड्या शाईत: 'विभागप्रमुखाने कोणाच्याही पाठीमागे उभे राहू नये.' हे कोणाचं अक्षर, असं साहेबांनी विचारलं. सासूबाईंचं, ताई म्हणाली.

साहेबांनी महिना दिला. महिनाअखेर शंभर बिजागऱ्या ते स्वतः उघडून बघणार होते. दहाच्या वर एक जरी करकरली, तर वाटून टाकू.

तो महिना ताईने कसा काढला, ते तिचं तिलाच माहीत. घंटा घरी आली आणि सासूबाईंनी ती चहा मागण्यासाठी ताब्यात घेतली, म्हणजे जिने आयुष्यभर वाजवली तिलाच ती ऐकून पळावं लागायला लागलं. पहिल्या आठवड्यात दिवसाचं काम पाव हिश्श्याने घटलं. कुलूपवाले येऊन दारातून डोकावून गेले आणि जागेची मापं घेतल्यासारखे बघत राहिले. ताईचे पाय सवयीने टेबलामागे वळायचे, ती मध्येच थबकायची आणि माघारी फिरायची. मग तिने समोरून फेऱ्या मारायला सुरुवात केली. तीन दिवसांनी दोन वेण्यांवाली अदबीने म्हणाली, की ताई, समोरून तुमचे डोळे दिसतात, त्यापेक्षा पाठ बरी होती. शेवटी ताईने खुर्ची कोपऱ्यात नेली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिथून मांजरीची तीन पिल्लं नीट दिसतात, हे तिने कोणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात करकर सोळावर आली. तिसऱ्यात अकरावर. आणि गंमत म्हणजे, कोणी न मोजता, कोणी न वाजवता, दिवसाचं काम हळूहळू पहिल्याइतकं व्हायला लागलं. तिरपी पिन उपटून पुन्हा ठोकण्यात जो वेळ जायचा तो वाचला होता, असं आबांनी समजावलं. अकरावर आकडा आला तो शनिवार, आणि तिथेच अडला. सोमवारी अकरा, मंगळवारी अकरा, बुधवारी बारा. ताईने घरी येऊन भावोजींना विचारलं, की एकदाच, फक्त एकदाच, पाठीमागे उभी राहू का? भावोजी म्हणाले, अल्पकालीन फायदा होईल. तिला कळलं. ती उभी राहिली नाही. गुरुवारी सगळे जण आपणहून अर्धा तास लवकर आले आणि आबांनी एकेकाला आवाज कसा ऐकायचा ते शिकवलं. त्या वेळी ताई बाहेर आवारात उभी होती, कारण खोलीत राहिली असती तर पाय कुठे नेतील याचा तिला भरवसा नव्हता.

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेब स्वतः खोक्यांतून शंभर बिजागऱ्या काढून टेबलाशी बसले, अकरा जण भिंतीला लागून उभे राहिले. आणि ताईने दार ओढून घेतलं ते बाहेरून. आत थांबले तर कोणाच्या तरी मागे उभी राहीन, म्हणाली.

बाहेरच्या बोळात ती दाराला कान लावून उभी. आतून काही ऐकू येईना. एवढ्या वर्षांत त्या खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती, आणि ती तिला सोसेना. कान इकडचा तिकडे केला. शांतता. काहीच कसं वाजत नाही? मग तिच्या लक्षात आलं की काहीच वाजत नाही हेच तर हवं आहे, आणि ती एकटीच बोळात उड्या मारायला लागली. तेवढ्यात आत करकर झाली. उडी अर्ध्यावर थांबली. एक. पुन्हा शांतता, लांबलचक, गोड. मग दोन. लगेच तीन. ताईने बोटं मोजायला घेतली. चार आणि पाच यांच्यामध्ये इतका वेळ गेला की तिला वाटलं, संपलं बहुतेक. सहा, सात. मग आठ, जराशी घोगरी. मग नऊ, तशीच. दोन्ही हातांचं मिळून एकच बोट सरळ उरलं होतं, आणि त्या बोटाकडे ती डोळे फाडून बघत राहिली. किती उघडून झाल्या, किती उरल्या, काही कळायला मार्ग नाही. ते बोट दुखायला लागलं. आणि मग आत असा गलका उठला की कुलूप विभागातले लोक हातोड्या टाकून बाहेर आले.

दार उघडून साहेब बाहेर आले. मागे अकरा जण एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होते.

"सात," साहेब म्हणाले. "विभाग राहतो."

ताईचा चेहरा फुलला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या कपाळाला आठी पडली. शेवटी ती टप्पाताई.

"माझ्या मोजणीने नऊ."

"सातच. आबांना विचारा."

"नऊ, साहेब. शेवटच्या दोन जरा घोगऱ्या होत्या. मी स्वतः ऐकल्या."

आबा पुढे आले. त्यांनी साहेबांना दोन पावलं इकडे चालायला सांगितलं, दोन पावलं तिकडे. साहेब चालले. बोळात सगळ्यांनी नीट ऐकलं.

"त्या दोन साहेबांच्या बुटाच्या," आबा म्हणाले.

कोणी हसायचं की नाही, हे ठरेना. मग साहेबांनी स्वतःच एक पाऊल पुन्हा टाकून पाहिलं, खाली बघितलं, आणि आधी तेच हसले. मग बोळ हसला, कुलूपवाले हसले, दोन वेण्यांवाली हसता हसता रडायला लागली आणि ताईच्या गळ्यात पडली. ताईने तिला थोपटलं, मागे उभं राहून नव्हे, समोरून. साहेबांनी पुढच्या तीन महिन्यांचं काय, असं विचारलं.

"शंभरात पाच," ताई म्हणाली. "पण तोवर तुम्ही बुटांना तेल घाला, म्हणजे मोजायला बरं पडेल."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.